काका-काकूंच्या टीव्हीसाठी कुठली स्टिक घ्यायची

नाशिक,
९ जानेवारी २०२६

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

केबल बंद करून काका-काकूंच्या, म्हणजे तुझ्या आई-वडिलांच्या, टीव्हीला कुठली स्टिक (टीव्हीला लावून इंटरनेटवरची ॲप्स दाखवणारं छोटं यंत्र) लावायची, हे विचारणारा तुझा निरोप मिळाला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण काका-काकूंच्या टीव्हीचा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायलाच बसलो. आधी उत्तर सांगून टाकतो. गूगल टीव्हीची (ही गूगलची टीव्हीसाठीची प्रणाली), २ जीबी रॅमची (रॅम म्हणजे चालू ॲप्सना लागणारी जागा), रिमोटवाली स्टिक घ्यायची. आणि स्टिक आली म्हणून लगेच केबल तोडायची नाही. आता हे कशावरून म्हणतो ते सविस्तर वाच.

गेल्या आठवड्यात काका-काकूंकडे हिरावाडीला जाऊन आलो. काकूंनी दारातच विचारलं, “मंदार केबल बंद करायची म्हणतो, पण माझ्या मालिका दिसतील ना रे?” मला वाटतं, या सगळ्या खरेदीत हाच एक प्रश्न महत्त्वाचा आहे. कोणती स्टिक वेगवान, कोणात कुठला प्रोसेसर, हे नंतर. म्हणून चहा होईपर्यंत मी वही घेऊन दोघांचा दिवसभराचा टीव्ही लिहून काढला. काकूंचं स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, म्हणजे जिओहॉटस्टार. त्यांच्या झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. काकांच्या बातम्यांना तर पैसेच पडत नाहीत, एबीपी माझा काय किंवा टीव्ही नाइन मराठी काय, यूट्यूबवर चोवीस तास थेट चालू असतात. सह्याद्री त्यांना लागतेच. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ नावाचं ॲप सुरू केलं, दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात. राहिलं क्रिकेट. आयपीएलचे हक्क २०२७ पर्यंतचे आहेत आणि सामने जिओहॉटस्टारवरच असतात. बाकी दौऱ्यांचे हक्क इकडून तिकडे जात असतात, त्यासाठी आत्ताच वर्षभराचं काही घेऊन ठेवू नकोस.

एक गोष्ट मात्र नीट बघ. तुझ्या फोनवर यातलं जे जे चालतं, ते टीव्हीवर चालेलच असं नाही. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन फोन आणि टॅबपुरताच आहे, जिओहॉटस्टारचाही मोबाइल प्लॅन फोनपुरता. रिचार्जबरोबर फुकट म्हणून मिळतात ते बहुतेक याच जातीचे. स्टिक आणायची, लावायची, आणि मालिकेच्या वेळेला पडद्यावर ‘प्लॅन बदला’ अशी पाटी यायची, हे काकूंच्या वाट्याला यायला नको.

आता त्यांचा टीव्ही. मी तो भिंतीवरून जरासा पुढे ओढून मागे टॉर्च मारून बघितलं. बत्तीस इंची, एचडी रेडी, दोन एचडीएमआय, म्हणजे डबा किंवा स्टिक जोडायच्या दोन खाचा. एकात केबलचा डबा आहे, दुसरं रिकामं आहे, धुळीने भरलेलं. म्हणजे स्टिक लागायला अडचण नाही. (फक्त पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचा जुना टीव्ही असता, तर मात्र मी टीव्हीच बदल म्हटलं असतं. मधे कन्व्हर्टर लावून चित्र येतं, पण पैसे भरून बघायच्या बऱ्याच ॲपना ते चालत नाही.)

एचडी रेडी म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. त्यावर ४के, म्हणजे त्याहून कितीतरी जास्त ठिपक्यांचं चित्र दिसणं शक्यच नाही. तुला वाटेल, मग साधी एचडी स्टिक घेऊ, पैसे वाचतील. इथेच मी तुला अडवतो. ४के चित्रासाठी नाही, रॅमसाठी मोठी स्टिक घ्यायची. ॲमेझॉनच्या साध्या फायर टीव्ही स्टिकला १ जीबी रॅम आहे, शाओमीच्या जुन्या एमआय टीव्ही स्टिकलाही तेवढीच होती. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही, तसं १ जीबीत होतं. यूट्यूबवरून जिओहॉटस्टारवर गेलं की यूट्यूब बंद पडतं, परत आलं की सगळं पहिल्यापासून, आणि मधे पडदा काळा. तू-मी थांबू. काकू मात्र काही दिसलं नाही की पुन्हा बटण दाबतात, मग पुन्हा, आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतात. शाओमीची टीव्ही स्टिक ४के, ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ४के, यांना २ जीबी आहे. पण खोक्यावर ‘४के’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस. ॲमेझॉनने २०२५ मध्ये ‘४के सिलेक्ट’ काढली, तिला पुन्हा १ जीबीच आहे. शिवाय ती अँड्रॉइडवर चालत नाही, वेगा नावाच्या नव्या प्रणालीवर चालते, त्यामुळे आपल्याला हवं ते ॲप तिच्यासाठी आलंय का हे वेगळं बघावं लागतं.

तू लिहिलंस की तुझा जुना क्रोमकास्ट (गूगलचं असंच टीव्हीला लावायचं यंत्र) पडून आहे, तोच पाठवतो. पाठवू नकोस. पहिल्या तीन पिढ्यांच्या क्रोमकास्टला रिमोटच नाही, सगळं फोनवरून टाकायचं. काकांचा फोन चार्जिंगला आतल्या खोलीत असतो आणि काकू स्वतःच्या फोनवर फक्त फोन घेतात आणि व्हॉट्सॲप बघतात. टीव्ही लावायला फोन शोधावा लागला तर टीव्ही लागणारच नाही. दुसरं असं की ही यंत्रं वरून चांगली दिसली तरी आतल्या सॉफ्टवेअरवर जगतात. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकदम चालेनासे झाले होते, आतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून. दुरुस्ती आली, पण गूगलने ऑगस्ट २०२४ मध्येच क्रोमकास्ट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं होतं. जुन्या वस्तूवर आई-वडिलांची संध्याकाळ टांगून ठेवू नये.

तुझ्या अमेरिकेतल्या भावाने रोकू कंपनीचं यंत्र सुचवलं, ते तिथे योग्यच आहे. नेटफ्लिक्सचं पहिलं टीव्हीवरचं यंत्र रोकूनेच २००८ मध्ये काढलं, तिकडच्या लोकांची त्यावर पिढीजात सवय झालीय. पण इथल्या दुकानात रोकू मिळत नाही. तो म्हणतो ते यूट्यूब टीव्ही, म्हणजे पैसे भरून वाहिन्या बघायची सेवा, तीसुद्धा फक्त अमेरिकेत आहे, आपल्याकडचं यूट्यूब ते नव्हे.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. एम.जी. रोडवर काय आणि ऑनलाइन काय, अगदी स्वस्तात ‘अँड्रॉइड बॉक्स’ मिळतात. खोक्यावर ८के लिहिलेलं असतं, ‘सगळे चॅनल फुकट’ असंही सांगतात. काकांच्या शेजाऱ्यांकडे तसा आहे आणि काकांना तो आवडलाय. मी हात जोडून नको म्हणालो. असल्या डब्यांत फोनचं अँड्रॉइड कसंबसं बसवलेलं असतं. नेटफ्लिक्स किंवा प्राइमसारखी ॲप्स यंत्राकडे मान्यता आहे का हे तपासतात, वाइडव्हाइन नावाची ती कुलूपव्यवस्था आहे. एल-वन दर्जा असला तर एचडी चित्र मिळतं, एल-थ्री असला तर पैसे भरूनही धुरकट चित्र बघायचं. चित्राचं एक वेळ सोड. अशा बिनमान्यतेच्या डब्यांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर घातलेलं सापडलंय. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाने लोकांना उघड इशारा दिला. घरातल्या वायफायमध्ये शिरून ते डबे दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी वापरले जातात. काकांची पेन्शन, गॅसचं बुकिंग, विजेचं बिल, सगळं त्याच वायफायवरच्या फोनमधून चालतं. चार पैसे वाचवायला तो डबा त्या घरात जाऊ देणार नाही, तू पाठवलास तरी मी लावणार नाही.

गूगल टीव्ही की फायर, यावर मी बराच विचार केला. दोन्हींवर आपली सगळी ॲप्स आहेत. फायरचा रिमोट हातात छान बसतो, यात वाद नाही. पण तिचा पहिला पडदा जाहिरातींनी आणि ‘हे बघा, ते बघा’ने भरलेला असतो. गूगल टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स ओन्ली मोड’ आहे. तो लावला की पडद्यावरच्या शिफारशींच्या ओळी जातात, मुख्यतः आपली ॲप्स राहतात. काकूंसाठी पाच चौकोन, ओळीने.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. माझ्या घरची स्टिक नेऊन त्यांच्या टीव्हीला लावली, रिमोट काकूंच्या हातात दिला आणि गप्प बसलो. त्यांनी चष्मा न लावता अंगठ्याने रिमोट चाचपला. पुढचा चॅनल लागावा म्हणून गोल कडीचा वरचा भाग दाबला, चौकोन हलला, त्या थांबल्या. मग मधलं बटण त्यांचं त्यांनीच शोधलं. मालिका उघडेल असं वाटलं, तेवढ्यात माझ्या अकाउंटची ‘कोण बघतंय?’ची पाटी आली, माझं नाव, मुलांची नावं. काकू माझ्याकडे बघायला लागल्या, “यातली मी कोण?” तेव्हा तुला सांगतो, तुझ्या अकाउंटवर बाकीची प्रोफाइल ठेवून त्यांना लॉगिन देऊ नकोस. त्यांच्यासाठी वेगळं अकाउंट, एकच प्रोफाइल. आणि काही विकत घ्यायचं बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून पिन घालायचा, तो मी घालीन. आवाजाची आणि टीव्ही बंद-चालूची बटणं स्टिकच्याच रिमोटवर असतात, एकदा जुळवून दिली की टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात ठेवता येतो. त्यांना एकच रिमोट पुरे.

इंटरनेटचं काम थोडं आहे. राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही मधल्या खोलीत, आणि मधली भिंत जुनी, जाड. वेग भरपूर आहे. एचडीला पाच एमबीपीएस पुरतात, ४केला पंधरा लागतात, हे नेटफ्लिक्सच सांगतं. पण जाड भिंतीतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल नीट जात नाही, म्हणून स्टिक २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलवरच जोडायची. स्टिक टीव्हीच्या पाठीत भिंतीला चिकटून बसली तरी सिग्नल मंदावतो, तेव्हा खोक्यातली छोटी एचडीएमआय वायर फेकून न देता तिला लावायची आणि स्टिक बाहेर काढायची. वीज टीव्हीच्या यूएसबीतून घ्यायची नाही, जुन्या टीव्हीत ती कमी पडते आणि स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा चालू होते. सोबतचा अडॅप्टर थेट प्लगमध्ये.

आणि सिंहस्थ जवळ आलाय. पंचवटीच्या बाजूला रस्त्यांची कामं चालू आहेत, खोदलं की फायबर तुटतं. तेव्हा फोनच्या हॉटस्पॉटवर मालिका बघता येईल असं धरू नकोस, एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो, रोजचा कोटा एका मालिकेत संपेल. म्हणूनच म्हणतो, निदान उन्हाळ्यापर्यंत केबल राहू दे. फक्त पॅक छाटून घे. २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने हव्या तेवढ्याच वाहिन्या घेता येतात, आणि काकांच्या बिलात मी बघितलं तर कधीही न लावलेल्या कितीतरी वाहिन्या आहेत. डीडी फ्री डिशचाही, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट डिशचाही, विचार मनात आला. महिन्याला काही द्यावं लागत नाही, सह्याद्री दिसते. पण काकूंच्या मालिका तिथे मिळणार नाहीत, मग त्यांना काय उपयोग? आणि खरं सांगू का, त्यांचा केबलवाला डबा बिघडला की संध्याकाळच्या आत येतो, काका त्याला घरच्यासारखं मानतात. त्याला अचानक नको म्हणायला काकांना जड जातंय, हे त्यांनी मला सांगितलं, तुला सांगणार नाहीत.

तुझ्या बंगळुरूच्या घरी ४के टीव्ही आहे, घरात सगळे आयफोन आहेत, तिथे ॲपल टीव्ही घे नाहीतर फायरची ४के मॅक्स, दोन्ही उत्तम चालतील.

स्टिक ऑनलाइन मागवायची असेल तर विक्रेता कंपनीचाच आहे ना ते बघ आणि माझ्या इंदिरानगरच्या पत्त्यावर पाठव, नाहीतर मीच आणतो. संक्रांत बुधवारी आहे, त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी हिरावाडीला जाईन. नव्या अकाउंटचे ओटीपी तुझ्या नंबरवर येतील, तेव्हा अकराच्या सुमारास फोन जवळ ठेव आणि मीटिंग लावू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तिळगूळ काकूंकडे ठेवतो, पुढच्या वेळी आलास की घे.

तुझा,
श्रीपाद