विमान प्रवासाच्या ‘कार्बनमुक्त’ प्रमाणपत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : विमान तिकिटासोबत घेतलेले वृक्षारोपण शुल्क

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून पुणे–दिल्ली तिकीट काढताना मी वृक्षारोपणाचे ऐच्छिक शुल्क भरले. नंतर आलेल्या प्रमाणपत्रात पुण्याजवळच्या एका टेकडीवर माझ्या नावे रोप लावल्याचे आणि त्यामुळे माझा प्रवास ‘कार्बनमुक्त’ झाल्याचे म्हटले आहे. टेकडी कोणती, रोप कशाचे, त्याची निगा कोण राखणार, याचा त्यात उल्लेख नाही. ईमेलने विचारणा केली असता तेच प्रमाणपत्र पुन्हा पाठवण्यात आले.

एक किलो विमान इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड लगेच हवेत मिसळतो. रोपाला मात्र तो शोषून घ्यायला कित्येक वर्षे लागतात, तीही ते जगले तर. त्यामुळे रोप लावल्याबरोबर प्रवास कार्बनमुक्त झाला, असे सांगणे ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे. उंचावर विमानामागे तयार होणाऱ्या ढगांच्या पट्ट्यांमुळे होणारी तापमानवाढ आपण हिशेबात धरली आहे का, हेही कळत नाही.

पुण्याच्या टेकड्यांवर जुलैत लावलेले रोप पावसाळाभर तजेलदार दिसते; खरी कसोटी मुरमाड जमिनीतली ओल संपल्यावर सुरू होते, आणि उन्हाळ्यात वाळक्या गवताला लागणाऱ्या वणव्यांत उरलीसुरली रोपेही होरपळतात. पहिली दोन-तीन वर्षे पाणी घातले नाही आणि जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढल्या नाहीत, तर लागवडीचे आकडे कागदावरच राहतात. शिवाय याच टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावलेल्या गिरिपुष्प या परदेशी झाडाखाली स्थानिक वनस्पतींना फारसा वाव उरलेला नाही, म्हणूनच मेडशिंगी, साळई, धावडा, पळस या स्थानिक झाडांपैकी काही लावले की पुन्हा परदेशी झाडेच लावली, हे मला समजले पाहिजे. रोपांसाठी मोकळ्या गवताळ माळावर खड्डे खणून तिथले नैसर्गिक गवत मोडले असेल, तर तेही मला मान्य नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यावरणविषयक दाव्याला पडताळता येईल असा पुरावा असावा लागतो. तरी लागवडीचे ठिकाण, रोपांच्या जाती, दरवर्षी जगलेल्या रोपांची संख्या आणि उत्सर्जन मोजण्याची पद्धत मला लेखी कळवावी, आणि पुरावा नसल्यास ‘कार्बनमुक्त’ हा दावा संकेतस्थळावरून व प्रमाणपत्रावरून काढून टाकावा. शुल्काचा परतावा मला नको आहे. ते पैसे लावलेली झाडे जगवण्यासाठीच खर्च व्हावेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवीन.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत : तिकीट, शुल्काची पावती व प्रमाणपत्र यांच्या प्रती