जखमीसोबत कोरी चिठ्ठी नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रस्ते अपघातातील जखमींना पहिले ७ दिवस दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना २०२५ मध्ये आली, याचा मनापासून आनंद झाला. पण पैसे कोण देणार हे ठरले, तरी पहिल्या तासात जखमीवर काय करायचे, हे आजही ड्युटीवर कोण आहे त्यावरच ठरते.

मी नागपुरातल्या अपघात विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. बाहेरगावाहून आलेल्या जखमीच्या नातेवाइकाच्या मुठीत चुरगळलेली चिठ्ठी असायची: 'पुढील उपचारासाठी रवाना'. बस्स. बीपी किती होते, पेशंट बोलत होता की बेशुद्ध, इंजेक्शन कोणते आणि किती वाजता दिले, काही नाही. बुटीबोरीकडून आलेला एक दुचाकीस्वार अजून डोळ्यांसमोर आहे. मांडीवर कापसावर कापूस, वर बँडेज, आणि सगळ्यांचे लक्ष त्या पायाकडे. आम्ही शर्ट कापला तेव्हा डाव्या छातीवर काळानिळा पट्टा दिसला आणि ती बाजू श्वासाबरोबर हलतच नव्हती. छातीत नळी घातली, पोरगा वाचला. पण आधीच्या दवाखान्यातच कोणी शर्ट उघडला असता, तर वाटेतला तो जीवघेणा तास टळला असता.

१९७६ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेम्स स्टायनर यांचे विमान नेब्रास्कात कोसळले. पत्नी गेली, मुले जबर जखमी झाली. लहान रुग्णालयात त्यांच्यावर झालेले उपचार पाहून डॉक्टर हादरले, आणि त्यातूनच जखमीला पहिल्या तासात कसे तपासायचे आणि सांभाळायचे हे शिकवणारे 'एटीएलएस' प्रशिक्षण उभे राहिले. भळभळ रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवायचे, मग मान सांभाळून श्वासमार्ग, मग श्वास, मग उरलेला रक्तस्राव, मग पेशंट शुद्धीवर आहे का, शेवटी कपडे काढून सर्वांग. कितीही आरडाओरड होवो, क्रम हाच. त्याला सीटी स्कॅन लागत नाही, सवय लागते. आणि ती फक्त डॉक्टरांना असून भागत नाही. रात्री दोनला पेशंटला पहिला हात बहुधा सिस्टर किंवा वॉर्डबॉयचाच लागतो.

वेळेची नोंद तर जीव की प्राण. रक्तस्राव आवरणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मार लागल्यापासून ३ तासांच्या आत द्यायचे असते, त्यानंतर ते अपायही करू शकते. चिठ्ठीवर अपघाताची वेळच नसेल, तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी काय अंदाजाने द्यायचे?

आरोग्य विभागाने उमरेड, काटोल, रामटेक, सावनेरच्या सरकारी रुग्णालयांपासून सुरुवात करावी. सगळीकडे एकच छापील नमुना, त्यावर हाच क्रम, प्रत्येक रकान्यापुढे वेळ आणि खाली सही. परिचारिकांना दरवर्षी प्रत्यक्ष सराव द्यावा. १०८ निघताच पुढच्या रुग्णालयात फोन गेलाच पाहिजे. आणि खासगी रुग्णालयांनाही हा नमुना सक्तीचा करावा. महामार्गावरचा जखमी जवळचे दार सरकारी की खासगी ते बघून पडत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मानेवाडा, नागपूर