लग्नाचा खर्च: आधी आकडा, मग यादी, हॉल सगळ्यात शेवटी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

धाकट्याच्या लग्नासाठी बाबांनी हॉल बघायला घेतलेत असं कळलं. बघा खुशाल, पण आगाऊ रक्कम इतक्यात कुठेच देऊ नका. हॉल आधी ठरला की किती माणसं बोलवायची हे हॉलच ठरवतो. पाचशेची जागा घेऊन दोनशेवर थांबणं कुणालाच जमत नाही, 'जागा आहेच की' म्हणत यादी फुगत जाते.

सुरुवात पैशापासून करू. वर्षभराचा घरखर्च, तुमच्या दोघांचं औषधपाणी आणि अचानक दवाखान्याची वेळ आली तर लागणारी रक्कम आधी बाजूला काढा. त्या पैशाला लग्नासाठी हात लावायचा नाही, आणि यावर मी वाद घालणार नाही. उरलेल्यातून तुम्ही मनापासून किती देऊ शकता तो एकच आकडा लिहा. धाकटा, त्याची होणारी बायको, तिच्या घरचे, मी, सगळ्यांनी आपापला आकडा आणि पैसे कधी हातात येतील ती तारीख सांगायची. 'बघू, करू काहीतरी' हा आकडा नव्हे. कुणाच्या पैशामागे अट असेल, म्हणजे 'अमुक इतकी माणसं आमची', तर तीही आत्ताच कळू दे. कर्ज काढायचा विषय निघालाच तर हिशोब करून बघा: दरसाल १२ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे हप्त्यांतून जवळजवळ १२० फेडावे लागतात. म्हणजे तेच जेवण पाचव्या हिश्शाने महाग.

आता एकूण रकमेचे १०० भाग धरा. १० भाग राखीव, ते शेवटच्या दोन आठवड्यांपर्यंत नाहीत असंच समजायचं. समजा हॉल, फोटो, कपडे, ध्वनियंत्रणा, सजावट असा माणसं कितीही आली तरी न बदलणारा खर्च ४० भाग आहे. उरले ५०, ते जेवण, खुर्च्या, भेटी, ने-आण अशा दर माणशी खर्चाचे. दोनशे पाहुणे असतील तर एका माणसामागे पाव भाग. सजावटीला त्या ४० मधले ८ भाग ठेवलेत आणि घासाघीस करून चौथा हिस्सा कमी करून घेतला, तर सुटले २ भाग. तेवढे तर ८ माणसांत सुटतात! पन्नास माणसं कमी झाली तर साडेबारा भाग. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण कल हाच राहील. फुलवाल्याशी तासभर हुज्जत घालण्यापेक्षा तो तास यादीवर घालवलेला परवडतो.

म्हणून यादी. घरागणिक लिहा, पण 'सहकुटुंब' लिहून सोडू नका. एका घरात दोन माणसं असतात, दुसऱ्यात सात. प्रत्येकाचं नाव आणि लहान मुलांचं वय लिहायचं. मग तीन गट: ज्यांच्याशिवाय लग्न होणारच नाही ते, ज्यांच्याशी वर्षभरात कधीतरी आपणहून बोलणं झालंय ते, आणि उरलेले. कापाकापी तिसऱ्या गटात करायची, आणि ती नावानुसार नाही, नियमानुसार. 'ऑफिसातलं कुणालाच बोलावलं नाही' हे सगळ्यांना पटतं. 'ऑफिसातले चौघेच बोलावले' म्हटलं की पाचवा आयुष्यभर लक्षात ठेवतो. बाबा, 'त्यांनी आपल्याला बोलावलं होतं' हे कारण तुम्ही पुढे करणार, ते मला ठाऊक आहे. तसं एक नाव ठेवलंत तर तसली सगळी ठेवावी लागतील. नियम दोन्ही घरांना सारखाच लावा, नाहीतर पहिली कुरबुर तिथेच सुरू होईल.

आता महत्त्वाचं काय, ते ठरवायचं. यासाठी एकत्र बसून चर्चा नको, कारण जो आधी बोलतो त्याच्याच मागे सगळे जातात. वधू-वर, तुम्ही दोघं आणि तिचे आई-वडील, अशा सहा जणांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन गोष्टी लिहायच्या ज्या नीटच व्हायला हव्यात, आणि दोन ज्या अजिबात झाल्या नाहीत तरी चालतील. मग कागद शेजारी ठेवा. तीन-चार कागदांवर आलेल्या गोष्टीला पैसा आधी. कुणीच न लिहिलेली गोष्ट करायचीच नाही, बाकीचे लोक करत असले तरी. कात्रीत सापडलात तर वधू-वरांच्या कागदाला जास्त वजन द्या.

माझं मत विचाराल तर पाहुण्यांची सोय पहिली. वेळेवर जेवण, पाठ टेकायला खुर्ची, जवळ स्वच्छ स्वच्छतागृह, प्यायला पाणी, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू येणारा आवाज. यातलं एक जरी चुकलं तरी मांडवभर फुलं लावून ते झाकलं जात नाही. त्यानंतर फोटो, कारण तेच नंतर उरतात. छापील पत्रिका वडीलधाऱ्यांपुरत्या, आणि त्याही माणशी नाही, घरामागे एक, बाकीच्यांना फोनवर. सजावट शेवटी: फोटोत जे मागे दिसणार तेवढंच सजवायचं, म्हणजे व्यासपीठ आणि प्रवेशद्वार. छत आणि खांबांकडे कुणी मान वर करून बघत नाही. लग्न दिवसा आणि एकाच जागी केलं तर रोषणाई, दुसरी सजावट आणि मधली वाहनं असे तीन खर्च एकदम वाचतात.

जेवणाच्या रांगेचं गणित कुणी करत नाही आणि तिथेच घोळ होतो. एका माणसाला ताट वाढून घेऊन पुढे सरकायला २० सेकंद धरा. दोनशे माणसं, एक रांग, म्हणजे ४००० सेकंद, तासाहून जास्त. टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी वाढायची सोय केली की वेळ निम्म्यावर येतो, अशी दोन टेबलं मांडली तर जेमतेम सतरा मिनिटांवर. यासाठी जादा पैसा जवळपास लागत नाही, मांडणी आधी सांगावी लागते. पाण्याची जागा रांगेपासून लांब हवी, आणि ज्या पदार्थापाशी माणूस रेंगाळतो तो टेबलाच्या शेवटी. म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं करायचंच नाही, त्यांना जागेवर वाढणारे दोघेजण आधीच नेमून ठेवा.

यादी आणि हे सगळं झालं की मग हॉल. हॉलवाले क्षमता सांगतात ती बहुतेकदा खुर्च्यांच्या रांगांची असते. टेबलावर बसून जेवायचं असेल तर माणशी १० ते १२ चौरस फूट धरा, व्यासपीठ आणि वाढपाची जागा वेगळी. ५ फूट व्यासाच्या गोल टेबलाशी आठ जण बसतात, ६ फुटीशी दहा. भाडं विचारताना तास कधी सुरू होतात ते विचारा, सजावटीची आणि आवराआवरीची वेळ त्यात धरली आहे का? वेळ उलटली तर तासाला किती? वीज गेली तर जनरेटर कुणाचा, इंधन कुणाचं? बाहेरचा आचारी चालतो का, कर आणि सफाई वेगळी का, रद्द केलं तर कुठल्या तारखेपर्यंत किती परत? उघड्यावरची जागा स्वस्त वाटते, पण पावसासाठी छताचं भाडं मिळवून मगच तुलना करा. आणि आई, तू स्वतः जाऊन पायऱ्या मोज. स्वच्छतागृहासाठी जिना उतरावा लागत असेल तर ती जागा आपल्या कामाची नाही.

आचाऱ्यांना भाव विचारताना तिघांनाही एकच लेखी यादी द्या: किती माणसं, किती पदार्थ, वाढपी किती, भांडी-ताटं कुणाची. नाहीतर तीन भाव हाती येतात आणि त्यांची तुलनाच होत नाही. किमान हमी संख्या, म्हणजे माणसं आली नाहीत तरी जितक्या ताटांचे पैसे द्यावेच लागतात ती, अंदाजापेक्षा कमीच सांगा. वाढवता येते, कमी करता येत नाही. तीन आठवडे आधी घरोघर फोन करून येणार की नाही विचारायचं, आणि आठवडाभर आधी पक्का आकडा द्यायचा. त्यात फोटोवाले, ध्वनीवाले, चालक यांची ताटं मोजायला विसरू नका, दहा-पंधरा सहज होतात. ताटं कोण मोजणार तेही लिहून घ्या. सुरुवातीला किती मांडली आणि शेवटी किती कोरी उरली, दोन्ही वेळा आपला एक माणूस समोर हवा.

पैसे तीन हप्त्यांत द्या: थोडे ठरवताना, मोठा भाग कार्याच्या आठवड्यात, निदान दहावा हिस्सा काम झाल्यावर. वहीत चार रकाने पुरतात, ठरले, दिले, बाकी, कधी द्यायचे. पावतीचा फोटो मला पाठवत जा. हे अंदाजपत्रक मोठ्या खर्चांनी मोडत नाही, शेवटच्या पंधरवड्यातल्या बारीकसारीक गोष्टींनी मोडतं: आणखी एक जोड कपडे, आणखी एक गाडी, बक्षिसी. नवीन काही घालायचं असेल तर त्याच्या बदल्यात काय काढायचं ते सुचवणाऱ्यानेच सांगायचं. कार्याच्या दिवशी उरलेल्या पैशांची पाकिटं, वर नाव आणि रक्कम लिहून, माझ्याकडे द्या. बाबा, तुमच्या खिशात त्या दिवशी रुमालाशिवाय काही नको. तुम्ही लोकांना भेटा, आचारी मला शोधत येऊ दे.

तुमची,
मोठी

ता. क. घरच्यांच्या फोटोंची यादी आत्ताच करायला घ्या. एका गटाला ३ मिनिटं जातात, बारा गट म्हणजे ३६ मिनिटं, आणि तेवढा वेळ लोक जेवणासाठी तुमची वाट बघत थांबतात. बारापेक्षा जास्त गट नकोत. दोन्ही बाजूंचे चेहरे ओळखणारा एकेक खणखणीत आवाजाचा माणूस नावं पुकारायला हवा. आपल्याकडून मामाला सांगा.