अथेन्सचं बिल आणि आपलं गाऱ्हाणं

महोदय,

ग्रीसमध्ये पर्यटकांना लुटतात, तिथलं जेवण गारढोण आणि बेचव असतं, असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात आलं. पाठोपाठ दुसऱ्या वाचकाने तिथल्या जेवणाची इतकी वाहवा केली, की हे दोघं एकाच देशात गेले होते का अशी कुणालाही शंका यावी. मला ती आली नाही. आमच्या घरात ही दोन्ही मतं आहेत आणि ती एकाच हॉटेलात, एकाच टेबलावर तयार झालेली आहेत.

अथेन्सला अक्रोपोलिसच्या टेकडीखाली प्लाका नावाची जुनी वस्ती आहे. गल्लीत टेबलखुर्च्या मांडलेल्या खाणावळी, त्यांना तिथे तावेर्ना म्हणतात. सहल कंपनीने रोज रात्री पनीर आणि नान खाऊ घालून जीव नकोसा केला होता. त्या संध्याकाळचं जेवण मात्र ज्याचं त्याने करायचं होतं. मी, आमचे हे, धाकटे दीर, जाऊबाई आणि नणंद असे निघालो. एका दारातला माणूस "नमस्ते, शाहरुख खान" म्हणाला आणि दीर आत शिरलेसुद्धा. जेमतेम सात वाजले होते. ग्रीक माणूस नऊच्या आत सहसा रात्रीचं जेवत नाही, त्यामुळे आत सगळे आपल्यासारखेच, गळ्यात कॅमेरे अडकवलेले.

दिरांनी मासा मागवला. मेनूकार्डावर 65 युरो लिहिलं होतं. महाग आहे, पण एकदाच तर आलोय, असं ते म्हणाले. तो भाव किलोचा होता. ताजा मासा तिथे वजनावर विकतात, आणि रीत अशी की तुम्ही आत जाऊन मासा बघायचा, तो तुमच्यासमोर तोलायचा, मग चुलीवर जायचा. वेटरने ना दाखवला ना तोलला. आला तो एक किलो शंभर ग्रॅमचा, म्हणजे साडेएकाहत्तर युरो, आपले सात हजारांच्या वर. यात वेटरची लबाडी होती यात शंका नाही. पण कार्डावर 'किलो' हा शब्द होता, आकड्याला चिकटूनच होता, आणि चष्मा दिरांच्या खिशात होता. गोठवलेल्या मासळीपुढे तिथे खूण करावी लागते, तीही त्या कार्डावर होती.

त्याच टेबलावर नणंद शुद्ध शाकाहारी. तिने 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर वेटरने बटाट्याच्या फोडी तळून आणि काकडी-टोमॅटोवर फेटा नावाच्या खारट चीजची वडी ठेवून आणली. मेंढीच्या दुधाचा तो वास तिला सहन होईना. (फेटात किमान सत्तर टक्के दूध मेंढीचं असावं लागतं, उरलेलं शेळीचं. गाईच्या दुधाचं केलं तर युरोपात त्याला फेटा म्हणता येत नाही.) मी निघण्याआधी थोडं वाचून ठेवलं होतं. वेटरला विचारलं, तुमच्या उपासाचं काय आहे? ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे ईस्टरआधीचे लांबलचक उपास असतात. त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही. त्यामुळे तिथल्या स्वयंपाकघरात आपल्या कामाचं बरंच निघतं. वेटरचा चेहराच बदलला. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आला, टोमॅटोत शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया आल्या, शेंगदाण्याएवढ्या नव्हे, चांगल्या अंगठ्याएवढ्या, उकडलेला रानभाजीसारखा पाला लिंबू-तेल घालून आला. फक्त एक जपायचं: त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतो, कारण त्यांना रक्त नाही असं धरतात. साबुदाण्याची खिचडी चापून उपास करणाऱ्यांनी त्यावर हसू नये.

आणि फावा आला. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. पहिल्या घासाला मी थांबले. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. धान कापणीला येतं तेव्हा बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकतात, त्या डाळीचे वडे खाऊन आम्ही वाढलो. सँटोरिनी बेटाचा फावा ज्या रोपाचा, ते लाखोळीच्याच कुळातलं, शास्त्रीय भाषेत दोन्ही लॅथिरस. चवीत तोच मातकट गोडवा. तिकडे या डाळीला आपल्या नागपुरी संत्र्यासारखं नावाचं संरक्षण आहे, आणि इकडे लाखोळी म्हटलं की माणसं ती खाऊन पाय लुळे पडण्याची गोष्ट सुरू करतात. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

जाऊबाईंची तक्रार होती की भाज्या कोमट आहेत. तेलात शिजवलेल्या या भाज्या तिकडे कोमटच खातात. दुपारी करून ठेवलेल्या मुरतात. परत पाठवल्या तर गरम होऊन येतील, पण तेल सुटून चव जाईल.

जेवण उरकून अर्धा तास झाला तरी बिल येईना. दीर म्हणाले, आता लक्षसुद्धा देत नाहीत. मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं, असं तिकडे समजतात. मागितल्यावर एका चिठ्ठीवर पेनने आकडा लिहून आला. सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेल्यामुळे चिठ्ठी दिसली की माझी बोटं शिवशिवतात. मी छापील पावती मागितली. प्रत्येक मेनूकार्डावर ग्रीक आणि इंग्रजीत एक ओळ छापलेली असते: पावती मिळाली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचं बंधन नाही. कर्जसंकटाच्या काळात करचुकवेगिरीला आळा घालायला आणलेला हा नियम. वेटर आत गेला, छापील पावती घेऊन आला, आणि चिठ्ठीत धरलेला, न मागवलेला वाइनचा एक ग्लास तिच्यातून गळून पडला होता. पावाचे आणि बाटलीबंद पाण्याचे पैसे मात्र होतेच. पाव आणि बाटली न मागता टेबलावर येतात आणि नको असतील तर हात लावण्याआधी परत करायच्या असतात. अथेन्सचं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, फुकट मिळतं. कर किमतीतच धरलेला असतो, वर काही लागत नाही. बक्षिसी खुशीची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की लुटलं म्हणणारे आणि वाहवा करणारे दोघंही खरं बोलतायत, पण दोघांच्या पत्रातून पुढच्या माणसाला काही मिळत नाही. आपल्या पर्यटन पुरवणीत सँटोरिनीच्या सूर्यास्ताचे फोटो दरवर्षी येतात. एखाद वेळी त्याच जागेत माशाचा भाव कसा वाचायचा आणि पावती कशी मागायची हे छापा. खरी जबाबदारी सहल कंपन्यांची आहे. माणशी लाखांत पैसे घेताना त्या व्हिसाचे कागद, गरम कपडे, औषधं यांच्या याद्या देतात. जेवणाबद्दल त्यांच्या पत्रकात एकच ओळ असते, 'रोज रात्री भारतीय भोजन', आणि ज्या रात्री ते नसतं त्या रात्री माणूस कोरा करकरीत दारातल्या शाहरुख खानवाल्याच्या हाती लागतो. अर्ध्या पानाचं टिपण दिलं असतं तर दिरांनी मासा आधी तोलायला लावला असता.

हे सगळं मी आमच्या सहल कंपनीला सविस्तर लिहून कळवलं. चार ओळींचं उत्तर आलं. आमच्या सूचनांबद्दल आभार मानलेत आणि तुर्कस्तानच्या सहलीवर सूट देऊ केली आहे.

— एक निवृत्त लेखापरीक्षक, नागपूर