मॅडम, त्या दोन अक्षरांबद्दल

मॅडम,

व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुम्ही एक अंगठा पाठवून मोकळ्या झाल्या असत्या, म्हणून इथं उघड्यावर लिहिते. तुमचं नाव लिहीत नाही, आपल्या ऑडिट फर्मचं नाही, आपण तपासलेल्या जिनिंगचंही नाही (जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तो कारखाना). पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या कागदावर तुम्ही माझी सही घेतली होती, आणि सहीआधी तो अख्खा वाचायला लावला होता. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आधी मागच्या वर्षीचं सांगते. तेव्हा मी दुसऱ्याच एका टॅक्सच्या ऑफिसात दोन महिने होते. शिकायला म्हणून गेले होते. जुलैच्या गर्दीत साठ-सत्तर लोकांच्या रिटर्नचे आकडे मी बसून टाकले, बाकी वेळ झेरॉक्स आणि चहा. शेवटी प्रमाणपत्र मागितलं तर साहेब म्हणाले, "काम काय केलं तू, प्रमाणपत्र द्यायला?" मी गप्प. खरंच कुठल्याच कागदावर माझं नाव नव्हतं. मी तिथं होते याचा एकच पुरावा, टपरीवाल्याची उधारीची वही. आणि कॉलेजातले एक सर, ज्यांच्याकडे इंटर्नशिपचे फॉर्म असायचे, ते तर फॉर्म देतानाच म्हणाले होते, "मोठ्या फर्मला फाडफाड बोलणाऱ्या पोरी लागतात, तुझ्यासारख्या नाही." सर, झाली बरं का मोठ्या फर्ममध्ये सहा आठवड्यांची इंटर्नशिप.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. व्हाउचिंग, लेजर, बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बिलं, खाती आणि बँकेचे आकडे जुळवणं, जे सगळ्याच इंटर्नना करावं लागतं ते. एसीत दुपट्टा गुंडाळून बसायचे एवढंच आठवतं. मग तुम्ही एक दिवस विचारलं, "जिनिंगवर साठा मोजायला कोण येतं?" मे महिना, पंचेचाळीसच्या वरचं ऊन. बाकीच्यांना अचानक लॅपटॉपमध्ये फार काम निघालं. मी हात वर केला, कारण मला ते आतून बघायचं होतं.

आमच्या गावातून कापूस अशाच एका जिनिंगवर जातो, हिंगणघाटच्या बाजूला. लहानपणी बाबांसोबत ट्रॅक्टरवर मी दोन रात्री फाटकाबाहेर काढल्या आहेत, कापसावरच झोपून. फाटकाच्या आत काय होतं ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. आमचा कापूस रिकामा झाला की काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी, घेऊन बाबा बाहेर. त्या दिवशी मी फाइल घेऊन आत गेले आणि मुनीमजींनी मला खुर्ची दिली. बाबांच्या वयाचे मुनीमजी. मला कुठं बघावं ते कळेना.

तुम्ही गाठींच्या थप्पीवर चढलात ते मला कायम आठवणार. ताडपत्रीखाली गाठी रचलेल्या, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून आकडा काढता आला असता. तुम्ही म्हणालात, मधे पोकळ ठेवलं असेल तर गुणाकाराला काय कळतं? आणि ओढणी कमरेला खोचून वर. मग मीही. हात टेकवावा तिथं चटका. वरून दिसलं की थप्पी भरीव आहे. मी गाठींवरचे नंबर आणि वजनं वाचत गेले, तुम्ही लिहीत गेलात. एक गाठ साधारण 170 किलोची, म्हणजे तिला पाचेक क्विंटल कापूस लागतो. आमच्या तीन एकरांत बऱ्या वर्षी पंधरा क्विंटल होतो. आमच्या घरचं वर्ष म्हणजे तीन गाठी, आणि मी शेकडो गाठींवर उभी होते. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

मग उताऱ्याचं ते. मुनीमजींच्या खोलीत कूलरसमोर बसून मी महिन्यामहिन्याचा कापूस आणि रुई जुळवत होते. रुईचा उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघते तो आकडा, चौतीसच्या आसपास चाललेला आणि फेब्रुवारीत एकदम सदतीस. मला खटकलं. आमच्या घरी उताऱ्यावरून भांडणं झालेली आहेत बाप्पा, व्यापारी म्हणतो तेहतीस, बाबा म्हणतात पस्तीस, पण सदतीस कोणी तोंडातून काढत नाही. मी तुमच्याकडे आले नि भीत भीत म्हटलं, "मॅडम, हे एवढं पडत नाही." तुम्ही म्हणालात, मला नको सांगू, त्यांना विचार.

विचारलं. मुनीमजींनी चष्मा लावला, वही उलटली आणि हसले. फेब्रुवारीच्या शेवटच्या दोन दिवसांत जिनिंगला घातलेला कापूस मार्चच्या खात्यात पडला होता, त्याच्या गाठी मात्र फेब्रुवारीतच मोजल्या होत्या. मार्चचा उतारा तेवढाच खाली आलेला. दोन्ही महिने एकत्र केले की पुन्हा चौतीस. चोरी नाही, लबाडी नाही, 31 मार्चच्या आकड्यालाही धक्का नाही. मला तर वाटलं, आपण उगाच त्या म्हाताऱ्या माणसाला त्रास दिला. त्यांनीच ताक मागवलं.

दोन दिवसांनी ऑफिसात तुम्ही त्या तपासणीचा कागद काढला. वर उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, तयार कोणी केलं आणि तपासलं कोणी. तयार करणाऱ्याच्या चौकटीत सवयीनं तुमचीच आद्याक्षरं पडली होती. तुम्ही ती बघितली, एक आडवी रेघ मारली, पेन माझ्याकडे सरकवला आणि म्हणालात, "तुझी टाक. तारीख टाक." मी म्हटलं, मॅडम, मी इंटर्न आहे. तुम्ही वर न बघता म्हणालात, "एसए 230 वाच, ऑडिटच्या कागदांचं मानक. काम कोणी केलं ते कागदावर असावं लागतं. मी काही उपकार करत नाहीये."

माझा हात थरथरत होता. तारीख चुकली, तीही खोडून पुन्हा लिहिली.

नंतर पार्टनर सरांनी फाइल चाळताना विचारलं, हे कोणाचं? तुम्ही काही बोललाच नाहीत, नुसता कागद माझ्या बाजूला फिरवला. सरांनी मला विचारलं, इंग्रजीत. मी अर्धं इंग्रजीत सांगितलं, गाडी अडकली तशी मराठीवर आले. त्यांनी पुढचा प्रश्न मराठीत विचारला. एवढंच झालं. त्या रात्री हॉस्टेलवर मी जेवले नाही, भूकच नव्हती.

तुम्ही म्हणाल, नियमाचं होतं ते केलं. पण नियम मागच्या वर्षीही तोच असेल ना? पुस्तक सगळ्यांकडे एकच असतं. बाबा एका काटेवाल्याची गोष्ट नेहमी सांगतात. तो वजन लिहिण्याआधी मोठ्यानं वाचायचा, मागच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाईल असं. बाकीचे नुसती पट्टी फाडून द्यायचे. वजन तेच असायचं कदाचित, पण लोक त्याच्याच काट्यावर जायला बघायचे, रांग लांब असली तरी. त्यालाही विचारलं असतं तर म्हणाला असता, वजन वाचणं माझं कामच आहे. मला वाटतं, चांगल्या माणसांना आपण काय केलं ते सांगताच येत नाही, दुसऱ्यालाच सांगावं लागतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा हे सगळं बाबांना सांगितलं. गाठी, थप्पी, उतारा, सगळं. उताऱ्यावर त्यांनी मान हलवली, "सदतीस कसा पडन?" मग विचारलं, "तुयं नाव कुठी हाय त्यात?" मी सांगितलं, कोपऱ्यात, दोन अक्षरं. त्यांना कागद बघायचा होता. आता तो फर्मचा कागद, बाहेर कसा आणणार, ते तुम्हीच शिकवलंत. मग एका जुन्या काटापट्टीच्या मागच्या बाजूला मी त्यांना काढून दाखवलं. दोन चौकटी, वरच्या चौकटीत तुमची खोडलेली अक्षरं, शेजारी माझी, खाली तारीख, तीही खोडून लिहिलेली.

त्यांनी ती पट्टी घडी करून बाकीच्या काटापट्ट्यांच्या डब्यात ठेवली आहे.

तुमची,
कूलरसमोर बसणारी इंटर्न