हुकूम माझा होता

नागपूर, 26 नोव्हेंबर

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

सकाळी टेकडीच्या गणपतीला जाऊन आलो. येताना सीताबर्डीच्या किल्ल्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. लहानपणी 26 जानेवारीला किल्ला उघडला की तू माझं बोट धरून वर चढायचीस. मी तुला तोफा दाखवायचो, पण तिथे झालेल्या लढाईचं कधी सांगितलं नाही. आता तुझ्या खांद्यावर दोन तारे आहेत आणि पुढच्या आठवड्यात तू प्लाटून हाती घेशील, म्हणून आज लिहितो.

1817 साली आजच्याच संध्याकाळी सीताबर्डीवर लढाई जुंपली. भोसल्यांची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट मोठी होती. त्यांच्यातले अरब शिपाई तर असे भिडले की तिथल्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी त्यांनी हिसकावूनच घेतली. तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपण हरलो. मग आपले राजे आप्पासाहेब भोसले यांनी इंग्रजांचा इथला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्सकडे वकील धाडून कळवलं की हल्ला माझ्या हुकमाने झालाच नाही. इंग्रजांचा फास त्यांच्या गळ्याभोवती कसा आवळत चालला होता, हे मला समजतं. पण माझं मन त्या मेलेल्या शिपायांपाशी अडकतं. ज्याच्यासाठी जीव दिला, त्यानेच हात झटकले.

याउलट 1971 चं पाकिस्तानशी झालेलं युद्ध बघ. एप्रिलमध्ये लगेच चढाई करायला लष्करप्रमुख जनरल माणेकशॉ पंतप्रधानांच्या तोंडावर नाही म्हणाले. पूर्वेकडे पावसाळा येणार, नद्या फुगणार. थांबलो तर हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होतील आणि उत्तरेची, म्हणजे चीनची, काळजी कमी होईल, असा त्यांचा हिशेब होता. डिसेंबरात लढाई झाली, ती तेरा दिवसांत संपली. आणि त्याच लढाईत जनरल सगतसिंग. आशुगंजचा पूल शत्रूने उडवला, समोर मेघना, तरी ते थांबले नाहीत. 9 डिसेंबरला एमआय-4 हेलिकॉप्टरांत आमची 4 गार्ड्स पलटण बसवून त्यांनी नदीपलीकडे उतरवायला सुरुवात केली. हे फसलं असतं तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने पाऊल टाकलं. दोघेही आपल्या शब्दामागे उभे होते.

आता माझं. हे तुझ्या आईलाही मी फार उशिरा सांगितलं.

मी कंपनी कमांडर होतो, बर्फातली पोस्ट होती. सुभेदार साहेब म्हणाले, "साहब, दोन दिन रुक जाते हैं." वरिष्ठ भेटीला येणार होते आणि त्याआधी गस्त पूर्ण झालेली मला हवी होती. मी गस्त पाठवली. वादळात ती रात्रभर अडकली. बीडकडच्या एका पोराच्या डाव्या पायाची बोटं हिमदंशाने गेली. अहवालात मी लिहिलं, 'हवामान अचानक बदलले.' अचानक काही बदललं नव्हतं गं. सुभेदार साहेबांनी आभाळ बघूनच सांगितलं होतं.

सहा आठवडे मला नीट झोप लागली नाही. शेवटी हॉस्पिटलात त्याच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. तो काहीच बोलला नाही. त्याच्या हातांनाही पट्ट्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, घरी पत्र लिहायचं होतं." तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. आईला लिहायला लावलं की पाय बरा आहे, जेवण चांगलं मिळतं, आणि आमचे साहेब स्वतः भेटायला आले. तो मजकूर लिहिताना माझा हात जसा थरथरला, तसा गोळीबारातही कधी थरथरला नव्हता. परतल्यावर पलटणीच्या प्रमुखांकडे, सीओ साहेबांकडे, जाऊन अहवाल बदलून दिला. व्हायची ती शिक्षा झाली.

तुझ्या प्लाटूनमध्ये तुझ्या वयाहून जास्त नोकरी झालेली माणसं असतील. ती 'थांबू या' म्हणाली तर आधी पूर्ण ऐकून घे. मग ठरव, आणि जे ठरवशील ते कागदावर तुझ्या नावाने लिही.

अंबिया बहाराची संत्री आली आहेत. आईने बर्फीचा डबा भरलाय, उद्या पार्सल करतो. प्लाटूनमध्ये वाट. आणि पुढच्या पत्रात मला तुझ्या माणसांची गावं कळव, प्रत्येकाचं.

तुझा,
बाबा