दूध सोडल्याबद्दल, आई-बाबांना

ती. आई व ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गौरी-गणपतीला घरी येण्याआधी एक गोष्ट पत्रानेच कळवायचे ठरवले, कारण फोनवर ती अर्धीच सांगून होते आणि उरलेल्या अर्ध्याची काळजी आई रात्रभर करत बसते. मी दूध, दही, तूप आणि त्यांचे सारे पदार्थ खाणे सोडले आहे. हा निर्णय कोणाच्या नादाने घेतलेला नाही आणि त्यात तुमच्या संस्कारांचा अव्हेर तर मुळीच नाही. कोणाचा जीव दुखवून आपले पोट भरू नये, हे मी तुमच्याच घरात शिकले.

बाबा, दूध काढल्याने गाय मरत नाही, असे तुम्ही म्हणाल. आपल्या गोठ्यापुरते ते बऱ्याच अंशी खरे होते. चंद्रीचे दोन सड वासरासाठी राखून तुम्ही उरलेल्या दोन सडांचीच धार काढत होता, आणि तिचा खोंड पुढे आपल्याच औताला लागला. पण गाय दूध देत राहावी म्हणून तिला पुन्हा पुन्हा व्यावे लागते, आणि होणाऱ्या वासरांतली साधारण निम्मी नर असतात. आता औत ट्रॅक्टरने चालते. शिवाय होल्स्टीन-जर्सी संकराच्या खोंडांना खिलारासारखे वशिंड नसल्यामुळे त्यांच्या मानेवर जू नीट बसत नाही. मग त्या जिवाला वैरण कोणी आणि कशासाठी घालायची? २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, तरी त्यांना पोसण्याचा भार शेतकऱ्यावरच राहिला, म्हणून कोणी ते रस्त्यावर सोडतो, तर कोणी दाव्यालाच उपाशी ठेवतो. म्हशीच्या रेडकांना तर ती सरसकट बंदीही लागू नाही. जवळजवळ नव्वद टक्के कालवडीच होतील अशा रेतमात्रा आता मिळतात, हे तुम्ही मला नक्की सांगाल, आणि ते चांगलेच आहे. पण भाकड झालेल्या गाई-म्हशींचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. दुधाचा दर आणि पेंडीचा भाव यांचा मेळ बसवताना तुम्हाला रात्री जागताना मी पाहिले आहे.

आई, मला सर्वांत जड गेला तो खरवस. वासराला रोगांशी लढण्याची शक्ती गाईच्या पोटात असताना मिळत नाही. ती जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत पोटात गेलेल्या चिकातूनच मिळते. आपण वासरू पिऊन उरलेलाच चीक घेत होतो, हे मला पक्के आठवते, त्यामुळे मनाला काही लावून घेऊ नकोस. वेलदोडा घातलेली वाटीभर वडी तू दादापासून लपवून माझ्यासाठी फळीवर झाकून ठेवायचीस, तो लाड मी कधीही विसरणार नाही.

माझी आबाळ होत नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि मटकीची उसळ जेवणात असतेच; नाचणीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. चहात सोयाबीनचे दूध घालते आणि आता त्याची चवही आवडू लागली आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू केली आहे आणि रक्तही तपासून घेते.

गौरीच्या नैवेद्यावर तू नेहमीप्रमाणे तूप वाढ, त्यात काहीही बदलू नकोस. माझ्या पानातले मोदक तेवढे तुपाशिवाय असू देत, आणि पुरणपोळीबरोबर मला कटाची आमटी भरपूर हवी. वेगळा स्वयंपाक मात्र करायचा नाही. गुडघे दुखत असताना ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहिलेले मला चालणार नाही. माझे वाचून तुम्ही दोघांनी दूध सोडू नये, हेही बजावून सांगते. बाबांनी रात्रीचे दूध आणि रक्तदाबाची गोळी यांत खंड पाडू नये, आणि बी-१२ ची तपासणी मी येण्याआधी करून घ्यावी. अहवाल मी स्वतः पाहणार आहे. मी येणार म्हणून घरातले विरजण थांबवू नका.

तुमची,
धाकटी